अमेरिकेचा इतिहास : तीन ग्रंथ

जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. त्या मुक्तीच्या अलीकडचा-पलीकडचा इतिहास जाणू इच्छिणाऱ्याने तीन ग्रंथ ओळीने वाचावेत. १८३१ साली तेथे गेलेल्या तॉकव्हिल या फ्रेंच लेखकाचा ‘अमेरिकेतील लोकशाही’ हा ग्रंथ तेथील समतेचे मर्म उलगडतो. गुलाम म्हणून जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ सालचे आत्मकथन त्या समतेबाहेर कोण उभे होते, ते दाखविते. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली; परंतु मुक्तांचे हक्क पुढे कसे हिरावले गेले, हे डु बॉइस यांनी ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ या १९३५ सालच्या ग्रंथात मांडले आहे. कायद्याने बेडी तुटते; तिचे वळ मात्र पिढ्यान् पिढ्या उरतात, हे या वाचनाने उमजते.