जाळीकामाची करवत : छंद आणि त्याचा हिशेब

स्मरणिकेसाठी आमच्याकडून लेख मागितला जातो तो बहुधा ज्वारी-तुरीच्या आवकेवर किंवा बाजार समितीच्या नियमांवर. यंदा चिटणीसांची परवानगी घेऊन आम्ही विषय बदलला आहे. दुकान मुलांच्या हाती सोपविलेले आमच्यासारखे गृहस्थ, शिक्षण आटोपूनही पेढीवर न रमलेले तरुण, आणि सूर्यास्तापूर्वी भोजन उरकल्यावर दोन-तीन तास मोकळी असणारी घरची मंडळी, या सर्वांच्याच हातांस काही उद्योग हवा असतो. त्यातून चार पैसे मिळाले तर ते कोणास नको असतात? मात्र ते चार पैसे खरोखरीच मिळतात की मिळाल्याचा केवळ भास होतो, हे पाहण्याची सवय छंद करणारांस नसते. ती आपणां व्यापाऱ्यांस आहे, म्हणून हा लेख.

आमच्या घरी गेली चार वर्षे लाकडाच्या जाळीकामाचे एक लहान यंत्र आहे. ते आमच्या धाकट्या सूनबाई व पुतण्या चालवितात. लाकडाची खरेदी आणि वही आमच्याकडे. तेव्हा पुढे करवतीविषयी जे लिहिले आहे ते त्या दोघांचे, आणि हिशेबाविषयी जे आहे ते आमचे, असे वाचकांनी समजावे.

जाळीकामाची हातकरवत पुष्कळांनी शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला पाहिली असेल. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची पोलादी चौकट आणि तिच्या दोन टोकांत ताणून बसविलेले अतिशय बारीक पाते, एवढेच तिचे स्वरूप. ज्यास स्क्रोल सॉ म्हणतात ते तिचेच विजेवर चालणारे रूप होय. पाते उभे असून मिनिटास सुमारे ४०० ते १,६०० वेळा वर-खाली होते. लाकूड मेजावर सपाट ठेवून दोन्ही हातांनी पात्याकडे हळूहळू न्यावयाचे आणि रेघ जशी वळेल तसे वळवावयाचे. पाते साधारण ५ इंच लांब असते. जाळीचा आतील भाग कापावयाचा असेल तर तेथे प्रथम छिद्र पाडावे लागते, पाते एका टोकास सोडवून त्या छिद्रातून ओवावे लागते आणि पुन्हा ताणावे लागते. सत्तर खिडक्यांची जाळी म्हणजे सत्तर वेळा ओवणी! मालाचे मोल करताना गिऱ्हाईक हे कधी पाहत नाही.

दोन बारकावे सांगण्याजोगे आहेत. पहिला ताणाचा. पाते बोटाने छेडले असता तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ स्वर निघाला पाहिजे. ढिले पाते लाकडात तिरके जाते व लवकर तुटते. दुसरा असा की, पुष्कळशा पात्यांच्या एका कडेस घडणीच्या वेळी सूक्ष्म खरखर राहते. त्यामुळे लाकूड सरळ ढकलले तरी काप किंचित उजवीकडे ओढला जातो. नवशिका आपल्या हातास दोष देतो. वास्तविक लाकूड थोडे तिरके धरून ढकलण्याची सवय झाली की काप रेघेवर येतो. आमच्या पुतण्यास ही सवय लागावयास दोन आठवडे लागले, सूनबाईंस तीन दिवस. त्या रांगोळीत निष्णात आहेत, हेच त्याचे कारण असावे.

आता पैशाची गोष्ट. या करवतीवर घर चालविण्याचा प्रयोग एकदा फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे, आणि त्याचा इतिहास आपल्या उपयोगाचा आहे. तो आहे जिगसॉ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रकोड्यांचा. लंडनमधील जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या गृहस्थाने १७६०च्या दशकात लाकडी फळीवर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून त्याचे तुकडे कापले व भूगोल शिकणाऱ्या मुलांसाठी ते विकले. पुढे १९०८-०९ मध्ये अमेरिकेत मोठ्या माणसांसच या कोड्यांचे वेड लागले. प्रत्येक तुकडा करवतीने एकेक कापावयाचा, त्यामुळे ५०० तुकड्यांचे कोडे सुमारे ५ डॉलरला पडे. त्या काळी तेथील सामान्य माणसाचे मासिक वेतन ५० डॉलरच्या आसपास होते. मागणी इतकी की पार्कर ब्रदर्स या खेळ बनविणाऱ्या कंपनीने १९०९ मध्ये इतर खेळ बाजूस ठेवून आपला कारखाना याच कामास लावला.

त्यानंतर १९२९ची मंदी आली. काम गेलेल्या कित्येक सुतारांनी व नकाशानविसांनी घरच्या घरी करवत मांडून कोडी कापावयास आरंभ केला. ती ते आपल्याच गावात विकीत, किंवा वाचनालये व औषधांची दुकाने यांच्यामार्फत भाड्याने देत. पुस्तकाप्रमाणे कोडे घरी न्यावे, जुळवावे आणि परत करावे! ज्यांस विकत घेण्याची ऐपत नव्हती त्यांच्याकडूनही थोडे-थोडे उत्पन्न होई, ही युक्ती आम्हांस फार आवडली. परंतु १९३२च्या शरदात पुठ्ठ्याची, साच्याने एका दाबात कापलेली कोडी दर आठवड्यास नवे चित्र घेऊन वृत्तपत्रांच्या ठेल्यावर २५ सेंटला येऊ लागली. ज्यांनी किंमत उतरवून त्यांच्याशी सामना केला ते बुडाले. फ्रँक वेअर व जॉन हेनरिक्स या न्यू यॉर्कच्या दोघा बेकारांनी उलट वाट धरली. त्यांनी श्रीमंत गिऱ्हाइकांच्या मागणीप्रमाणे, त्यांच्या नावाची अक्षरे व आवडत्या वस्तूंचे आकार तुकड्यांत गुंफून, महाग कोडी बनविली. त्यांची पार नावाची पेढी मंदीनंतरही पुष्कळ वर्षे टिकली. हाच धागा धरून १९७४ मध्ये व्हर्मांट राज्यात स्टेव्ह नावाची पेढी निघाली, आणि तिची हाताने कापलेली कोडी हजारो डॉलरपर्यंतही जातात.

त्या वेळी पुठ्ठ्याच्या साच्याने जे केले तेच आज आपल्या पेठांत लेसरचे यंत्र करीत आहे. ३ मिलिमीटरच्या पातळ फळीतून नाव, तोरण, लग्नाच्या आहेराची पेटी असे काहीही ते काही मिनिटांत कापते. संगणकात आकृती असली की शंभरावी प्रत पहिलीइतकीच सोपी. त्याच पातळ मालात करवत घेऊन उतरणे म्हणजे जात्याने गिरणीशी स्पर्धा करणे. परंतु लेसर लाकूड जाळून कापतो, म्हणून कडा काळसर होतात, आणि पाऊण-एक इंच जाडीचे सागवान किंवा शिसव लहान लेसरच्या आवाक्याबाहेर असते. करवतीचा काप स्वच्छ व लाकडाच्या मूळ रंगाचा राहतो. तेव्हा जाड, अस्सल लाकडाची, एकाच गिऱ्हाइकासाठी बनविलेली वस्तू हे या छंदाचे क्षेत्र. घराच्या नावाची पाटी, आजोबांच्या हस्ताक्षरावरून कापलेले नाव, लहान मुलांसाठी जाड तुकड्यांचे प्राणी, जुन्या वाड्याच्या तुटलेल्या जाळीचा हुबेहूब नवा तुकडा, अशी कामे आमच्याकडे येतात. शेवटच्या प्रकारात चढाओढ नाहीच म्हटले तरी चालेल.

आता वही उघडू. एका सागवानी पाटीचा आमचा नमुना हिशेब असा. लाकूड १२० रुपये, दोन पाती ४०, पॉलिश पेपर, तेल व कागद ३०, म्हणजे माल १९० रुपये. यंत्राची झीज ४० धरतो. विजेची चिंता नको; १०० वॅटचे यंत्र दहा तास चालले तर एक युनिट होते. आकृती, कापणी, घासणी व तेल मिळून तीन तास लागतात. छंद करणारा म्हणतो, “१९०चा माल ४००ला विकला, २१० सुटले.” झीज वजा केली की १७० उरतात, म्हणजे तासाला ५७ रुपयांहून कमी. तीच पाटी दुकानात ठेवली व दुकानदाराने शेकडा ३० कापले, तर हाती २८० येतात, त्यांतून खर्चाचे २३० गेले आणि तीन तासांचे राहिले ५० रुपये! वखारीतील हमाल या दराने पोत्यास हात लावणार नाही. आम्ही तासास १०० रुपये मजुरी धरतो. मग पाटी ५३० रुपयांस पडते, आणि दुकानाचे कमिशन धरता ७५०च्या पुढेच भाव सांगावा लागतो. या भावास ‘महाग’ म्हणून परत जाणारे गिऱ्हाईक आम्ही जाऊ देतो. सूनबाईंस प्रथम हे कठोर वाटले.

मजुरी कमी करण्याचा एक सरळ मार्ग आहे. एकाच आकृतीच्या चार पातळ फळ्या एकीवर एक चिकटपट्टीने घट्ट बांधून एकदम कापल्या तर एकीस ७५ मिनिटे लागत असतील तेथे चारींस मिळून शंभरेक मिनिटे लागतात. बांधणीची चिकटपट्टी पात्याचा ताप कमी करते, हाही लाभ. घासणी मात्र प्रत्येकीची निराळीच करावी लागते.

साहित्याविषयी आपल्या समाजातील घरांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लाखेचे पॉलिश लाखेच्या किड्यांपासून होते आणि जुना सुतारी सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून. ज्यांस हे वर्ज्य आहे त्यांच्यासाठी कृत्रिम पांढरा डिंक व जवसाचे तेल यांनी काम उत्तम भागते. आंब्याचे लाकूड स्वस्त व कापावयास मऊ, पण त्यास भुंगा लवकर लागतो; चांगले वाळवलेलेच घ्यावे. सागवान टिकाऊ खरे, परंतु त्यात सिलिका असल्याने पात्याची धार झपाट्याने जाते. आमच्या हिशेबात दोन पाती धरली आहेत ती त्यामुळेच.

धुळीची बाब धान्याच्या व्यापाऱ्यास समजावून सांगावयास नको. वखारीतील खोकला आपण सर्वांनी ऐकला आहे. लाकडाची धूळ अधिक घातक. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये तिची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. हे यंत्र निजण्याच्या किंवा स्वयंपाकाच्या खोलीत मांडू नये. तोंडावर साधा रुमाल पुरत नाही, चांगला मुखपट्टा लावावा, आणि जमल्यास धूळ ओढून घेणारी नळी पात्याजवळ बसवावी.

राहिले जवसाचे तेल. हे तेल हवेत सुकताना तापते. तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आत कोंडते, आणि काडी न लावता चिंधी पेट घेऊ शकते. म्हणून वापरलेल्या चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवाव्यात किंवा मोकळ्या हवेत एकेक पसरून पूर्ण वाळवाव्यात, आणि काही झाले तरी वखारीत, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीजवळ, त्या ठेवू नयेत.