चांदा की सिरोंचा?

आमच्या घरात गेली दोन वर्षे एकच प्रश्न फिरतो आहे. माझी नोकरी संपत आली. घर चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, जटपुरा दरवाजापासून हाकेच्या अंतरावर. पत्नीचे माहेर सिरोंच्याचे, प्राणहितेच्या काठचे. पुढची वर्षे कुठे काढायची? तिच्या मते उत्तर सोपे आहे. इथे धूळ, ट्रक आणि भोंगे. तिथे नदी, मोकळी हवा आणि ओळखीची माणसे.

मी पदवीधर संशोधक नाही. प्रश्न पडला की गॅझेटियर उघडायचे, ही तीस वर्षांची सवय. या वेळीही तेच केले आणि लक्षात आले की गजबजलेले जुने शहर की नदीकाठचे निवांत गाव, हा प्रश्न आमच्या आधी या मुलखात अनेकांनी सोडवला आहे. राजाने, कंपनी सरकारच्या वारसांनी आणि मुंबईतल्या मंत्रालयानेही. त्यांच्या उत्तरांमुळेच चंद्रपूर गजबजले आणि सिरोंचा निवांत राहिले.

पहिले उत्तर पंधराव्या शतकातले. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याची राजधानी वर्धेच्या काठी बल्लारपूरला होती. दंतकथा चंद्रपुरात पोराटोरांना पाठ आहे. राजाच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीला गेला असता झरपटीच्या पात्रातल्या पाण्याने त्याला आराम पडला. मग एका सशाने कुत्र्याचा पाठलाग केल्याचे दृश्य दिसले आणि राणीने सल्ला दिला की इथेच नगर वसवा. कथा बाजूला ठेवली तरी निर्णय उरतो. राजाने मोठ्या नदीचा काठ सोडला आणि पंधराएक किलोमीटरवर, इरई आणि झरपट या दोन लहान नद्यांच्या बेचक्यात नवी राजधानी आखली. पुढच्या राजांनी परकोट पूर्ण केला. त्याचा घेर सुमारे साडेपाच मैल. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या. पाणी हवे, पण पुराचे भय आटोक्यात हवे, हा या आखणीचा अर्थ मला दिसतो. तरीही इरई फुगली की पठाणपुऱ्याबाहेर आजही पाणी चढते.

दुसरे उत्तर इंग्रजांचे, आणि सिरोंच्याची खरी गोष्ट तिथे सुरू होते. 1818 साली इंग्रजी फौजेने चांद्याचा किल्ला घेतला होता. 1854 साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदा जिल्ह्याचे ठाणे झाले. 1860 साली निजामाने गोदावरी आणि प्राणहितेच्या डाव्या काठचा मुलूख इंग्रजांना दिला. त्यातून अप्पर गोदावरी नावाचा स्वतंत्र जिल्हा उभा राहिला आणि त्याचे मुख्य ठाणे झाले सिरोंचा. म्हणजे चौदा वर्षे सिरोंचा हे चांद्याच्या बरोबरीचे गाव होते. डेप्युटी कमिशनर तिथे राहत असे.

इतक्या दूरच्या काठावर जिल्ह्याचे ठाणे का? त्या काळात गोदावरी ही उद्याची मोठी वाट मानली जात होती. धवलेश्वरमचे धरण बांधणारे आर्थर कॉटन यांची कल्पना अशी, की गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून बोटी चालवाव्यात आणि नागपूर-वऱ्हाडचा कापूस थेट पूर्व किनाऱ्यावर, कोरिंग्याच्या बाजूला उतरवावा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडसर होते : दुम्मगुडेम, इच्चमपल्ली आणि प्राणहितेवरचे देवलमरी. त्यांना वळसा घालणारे कालवे, बंधारे आणि बोटी वरखाली नेणारे दरवाजे बांधायचे होते. कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली कामे सुरूही झाली. 1861 ते 1865 या अमेरिकन यादवीच्या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा हिंगणघाटच्या कापसासाठी ही नदीवाट सोन्याची वाटू लागली. नकाशावर पाहा : दुसऱ्या आणि तिसऱ्या अडसराच्या मधोमध सिरोंचा आहे. योजना तडीस गेली असती, तर आपल्या विदर्भाला बंदर मिळाले असते आणि ते सिरोंचा असते.

पण 1867 साली मुंबईकडून आलेली आगगाडी नागपूरला पोचली. यादवी संपली, कापसाचे भाव उतरले, आणि नदीत पाणी पुरेसे असायचे ते वर्षातले काही महिनेच. गाडी बाराही महिने धावत होती. 1871 साली गोदावरीची योजना सोडून देण्यात आली. तीनच वर्षांनी, 1874 साली, अप्पर गोदावरी जिल्हा मोडला. त्याच्या चार तहसिलींची मिळून एक तहसील झाली आणि ती चांद्याला जोडली गेली. 1907 मध्ये चेरला, अल्बाका आणि नुगूर हे भाग मद्रासकडे गेले. एका पिढीच्या आत जिल्ह्याचे गाव हे तहसिलीचे टोक झाले.

माझ्या पत्नीला आवडणारी शांतता या घडामोडींतून आली आहे. सिरोंचा मुळात निवांत नव्हते. ज्या वाटेसाठी ते मोठे केले, ती वाट बंद झाल्यावर ते निवांत झाले. 1929 साली बल्लारशा-काझीपेठ लोहमार्ग पूर्ण होऊन दिल्ली-मद्रास सलग जोडले गेले, तेव्हा ती गाडीही नदीपलीकडून, सिरोंच्याला बाजूला ठेवून गेली.

चंद्रपूरचा गलबलाही असाच घडवलेला आहे. कोळसा निघाला, त्यामागे गाडी आली, मग कागद, सिमेंट आणि वीज. आज औष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती 3,20,379 होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या यादीत चंद्रपूर देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे होते, गुणांक 83.88. उन्हाळ्यात पारा अठ्ठेचाळीसच्या घरात जातो. सकाळी अंगणातल्या तुळशीच्या पानावर बोट फिरवले तर बोट काळे होते. पण याच शहरात 2015 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, रात्री-बेरात्री उघडे औषधाचे दुकान आहे, आणि नागपूर दीडशे किलोमीटरवर आहे.

तिसरे उत्तर 26 ऑगस्ट 1982 चे. त्या दिवशी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला आणि सिरोंचा नव्या जिल्ह्यात गेले. हेतू चांगला होता : जंगलातल्या माणसाला कचेरी जवळ यावी. परंतु मुख्य ठाणे उत्तरेकडे, चंद्रपूरपासून ऐंशीएक किलोमीटरवर असलेल्या गडचिरोलीला झाले. सिरोंच्याहून ते दोनशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. त्यात आलापल्ली ते सिरोंचा हा सुमारे शंभर किलोमीटरचा जंगलातला रस्ता पावसाळ्यात माणसाची परीक्षा पाहतो. संपूर्ण जिल्ह्यात रेल्वे स्थानक एकच, देसाईगंज-वडसाचे, तेही उत्तर टोकाला. म्हणून सिरोंच्याचा आजारी माणूस पूल ओलांडून तेलंगणात, वरंगळ-करीमनगरकडे जातो. घरात तेलुगू, बाजारात तेलुगू-मराठी, पाड्यावर गोंडी आणि कागदावर मराठी, अशी तिथली रोजची व्यवस्था आहे.

गेल्या काही वर्षांत काठही पहिल्यासारखा राहिलेला नाही. सिरोंच्याखाली गोदावरीवर मेडीगड्डा बंधारा झाला. 21 जून 2019 रोजी त्याचे उद्घाटन झाले. पाणी शेतात शिरते, जमिनीचा मोबदला मिळावा, यासाठी तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी उपोषणे केली. जुलै 2022 च्या पुरात नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच बंधाऱ्याचे खांब खचले. दीडशे वर्षांपूर्वी नदी वाहतुकीसाठी अडवायची होती, आता सिंचनासाठी अडवली. दोन्ही वेळा निर्णय दुसरीकडे झाला आणि काठावरच्या माणसाला तो नंतर कळला.

नकाशा पाहताना आणखी एक गोष्ट जाणवली. झरपट इरईत मिळते, इरई वर्धेत. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एक होऊन प्राणहिता बनते आणि ती सिरोंच्यावरून पुढे जाते. आमच्या परकोटाबाहेरून वाहणारे पाणी शेवटी पत्नीच्या माहेरच्या घाटावर येते. एक गाव सोडून दुसऱ्यात गेलो म्हणजे पहिल्यातून सुटलो, असे या मुलखात होत नाही.

मग निवड कशी करायची? मी तीन प्रश्न एका कागदावर लिहिले. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर डॉक्टरपर्यंत किती तास? चार दिवस झड लागली तर रस्ता उरतो का? आणि तिथली हवा रोज श्वासाने घ्यायची झाली तर किती वर्षे सोसेल? पहिल्या दोन प्रश्नांत चांदा जिंकते, तिसऱ्यात सिरोंचा. कागद पत्नीला दाखवला. ती म्हणाली, "अहो, हे तीन प्रश्न माझ्या आईला कोणी विचारले होते का? ती तिथेच राहिली ना!"

यावर मला उत्तर सुचले नाही. निवड हा आमच्यासारख्यांचा, दोन्हीकडे दार असलेल्यांचा चैनीचा भाग आहे. जे तिथेच जन्मले त्यांना रस्ता आणि दवाखाना हवा आहे, आणि ती मागणी 1874 पासून शिल्लक आहे.

आमचे ठरले आहे ते असे : दसऱ्यानंतर सिरोंचा, मृग लागायच्या आत चांदा. घर नदीपासून दूर, उंचावरच्या आळीत घ्यायचे. जाताना गॅझेटियर बरोबर न्यायचे आणि तिथल्या शाळेतल्या मुलांना सांगायचे, की तुमचे गाव एकेकाळी जिल्ह्याचे ठिकाण होते.