चौकटींचा नकाशा आणि आपलं चौल

रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.३ अंश पूर्व रेखांशावर आहे. आता ग्राफ पेपर घ्या. आडवे रेखांश, उभे अक्षांश, एका अंशाला एक चौकोन. बिंदू मांडा. झाला नकाशा! या पद्धतीला फ्रेंचमध्ये 'प्लात कारे' म्हणजे 'सपाट चौरस' म्हणतात. चौरसांऐवजी एकसारखे आयत घेतले की ते इक्विरेक्टँग्युलर प्रोजेक्शन.

पण यात एक गोम आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे रेखांश ध्रुवाकडे जवळजवळ येतात. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ कि.मी. असतो. त्याला कॉस १७ ने गुणलं की रत्नागिरीला १०६ उरतात आणि ३४ अंशावरच्या श्रीनगरला फक्त ९२. चौरसांत मात्र सगळे सारखेच! म्हणून नकाशात कोकण साडेचार टक्के आडवं ताणलं जातं, तर काश्मीर वीस टक्के.

या पद्धतीचं श्रेय टॉलेमी देतो मारिनसला. हा इ.स. १०० च्या सुमाराचा, टायर गावचा (गाडीचं टायर नव्हे, आजच्या लेबनॉनमधलं बंदर). त्याने ऱ्होड्स बेटाचं ३६ अंशाचं अक्षवृत्त प्रमाण धरलं आणि आयताच्या बाजू ४ : ५ ठेवल्या. कॉस ३६ काढून बघा, ०.८१ येतं. तेही कॅल्क्युलेटर नसताना!

गंमत पुढेच आहे. मारिनसने भारतातलं सिमिल्ला बंदर सिंधू नदीच्याही पश्चिमेला टाकलं होतं. सिमिल्ला म्हणजे रायगड जिल्ह्यातलं आपलं चौल, असं अभ्यासक मानतात. टॉलेमीने तिथे जाऊन आलेल्या लोकांचा दाखला देऊन सांगितलं, की हे बंदर सिंधूच्या मुखांच्या दक्षिणेला आहे आणि तिथले लोक त्याला 'तिमुला' म्हणतात.

मारिनसचा ग्रंथ हरवला. तो आपल्याला माहीत आहे तो त्याच्या चुका काढणाऱ्या टॉलेमीमुळेच. पद्धत मात्र टिकली. नासाची 'ब्लू मार्बल' ही जगाची चित्रं याच प्रोजेक्शनमध्ये मिळतात, कारण पिक्सेल मोजले की थेट अंश कळतात.

तेव्हा सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला एवढं लक्षात ठेवा. चौकटी कितीही सुबक आखल्या तरी रीडिंग चुकलं की चौल सिंधूपार जातं. शीट रंगवण्याआधी साइटवर जाऊन आलेल्या माणसाला विचारा!