शेपटीपर्यंत पाहणं

वर्धा जिल्ह्यात हत्तीरोग शोधायला आरोग्य खात्याची माणसं रात्री दारोदार हिंडतात, हे ऐकलं आणि एका पथकाबरोबर मीही खेड्यात गेले. झोपेतून उठलेल्या आजीनं विचारलं, "काहून जी, दिवसा रक्त निंगत नाही का?" आरोग्यसेवक खाटेशेजारी टेकला. "निंगते आजी, पण दिवसा जंतू लपते."

खरंच लपतात. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या कृमीची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमाराला बोटापर्यंतच्या रक्तात उतरतात. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास चावायला येतो तोही रात्रीच.

बोट टोचलं, काचपट्टीवर रक्त पसरलं, नंबर घातला. "फक्त वीस घनमिलिमीटर," आरोग्यसेवक प्रत्येक घरी सांगत होता. अंगात पाच लिटर रक्त धरलं, तर वीस घनमिलिमीटर म्हणजे त्याचा अडीच लाखावा भाग! थोडीच पिल्लं असतील तर ती याच थेंबात यावीत कशी?

म्हणूनच सेवाग्रामच्या कामाचं मला मोल वाटतं. तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचे डॉ. बी. सी. हरिनाथ आणि सहकारी वर्षानुवर्षं रक्तातले प्रतिजन आणि प्रतिपिंडं हुडकणाऱ्या चाचण्यांवर झटले. त्यांनी एलायझा या चाचणीसाठी पेनिसिलिनेज हे विकर वापरलं. स्टार्च-आयोडीनचा निळा रंग उडाला की निकाल नुसत्या डोळ्यांना दिसतो, महागडं यंत्र लागत नाही. खेड्यातल्या दवाखान्याचा विचार करूनच असं काही सुचतं.

आता तर दहा मिनिटांत निकाल देणारी पट्टी आहे. ती दिवसाही चालते, शाळेतल्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तपासणी तिच्यावरच होते. पण ती प्रौढ कृमीचा प्रतिजन ओळखते. रक्तातली पिल्लं नाहीशी झाल्यावरही ती काही काळ होकार देत राहते. आज डासाला जंतू कोण देतोय, हे काचपट्टीच सांगते, आणि माझं मन तिच्याकडेच झुकतं.

त्याला कारण प्रयोगशाळेतल्या ताई. काचपट्ट्या पाण्यात धुऊन, रंगवून, वाळवून झाल्या की त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात आणि रक्ताचा थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, ओळीमागून ओळ सरकवत बघतात. एका काचपट्टीवर त्या थांबल्या, मलाही दाखवलं. जांभळ्या ठिपक्यांनी भरलेली, डौलदार वळणाची रेघ, भोवती पातळ आवरण. मी लगेच "सापडला" म्हणाले. ताई म्हणाल्या, "शेपूट बघितल्याशिवाय मी लिहीत नाही." शेपटीच्या टोकाला ठिपके नव्हते, म्हणजे बँक्रॉफ्टीच. हत्तीरोगाचाच दुसरा कृमी ब्रुगिया मलायी, त्याच्या टोकाला दोन ठिपके असतात.

पाय हत्तीसारखा सुजलेल्या माणसाच्या रक्तात ही पिल्लं बहुधा मिळतच नाहीत. मिळतात ती धडधाकट दिसणाऱ्याच्या रक्तात. ही काचपट्टीही अशाच एका तरुणाची होती, सूज नाही, ताप नाही. ताईंनी रजिस्टरात नंबर लिहिला. आता डीईसी या औषधाच्या गोळ्या, बारा दिवस, आणि त्याला त्या घ्यायला लावायचं काम पुन्हा त्या आरोग्यसेवकाकडेच.