कष्टार्तवात अपथ्य सांगताना

मासिक पाळीतील वेदनांची तक्रार घेऊन येणारी रुग्णा औषध हाती पडताच विचारते, ‘काय खायचे नाही?’ या प्रश्नासाठी आपल्यापैकी अनेकांनी छापील कागद करून ठेवला आहे. दही, केळी, बटाटा, गूळ, हरभरा, आंबट, तिखट, थंड अशी वीस-पंचवीस नावे त्यावर असतात. आणि आम्लपित्ताच्या रुग्णालाही तोच कागद मिळतो. लोलिंबराजाचे पथ्यविषयक वचन आपणां सर्वांस मुखोद्गत आहे, परंतु अशा कागदास पथ्य म्हणणे मला अवघड वाटते.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदे सांगितली आहेत. त्यांतील उदावर्तिनीमध्ये वेगांच्या विमार्गगमनाने वायू योनीस ऊर्ध्वगामी करतो, रज कष्टाने बाहेर पडते आणि स्राव होताच रुग्णेस आराम वाटतो. अपान विगुण असल्याने त्यास अडविणारे ते सर्व अपथ्य : रूक्ष, शीत, शिळे, विष्टंभी अन्न, लांबलेले उपवास. यात वेगधारणही आले. स्वच्छतागृहाची सोय नीट नाही म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या आणि मूत्रवेग रोखून धरणाऱ्या मुली शाळा-महाविद्यालयांत थोड्या नाहीत. हे अपथ्य छापलेला कागद अद्याप माझ्या पाहण्यात नाही.

नाशिकपुरते बोलायचे तर पहिला प्रश्न मिसळीचा. मटकी वातकर, तिच्या जोडीला पाव, फरसाण आणि तर्री. पाळीपूर्वीचा आठवडा आणि पाळीचे दिवस एवढा काळ ती टाळावी, हे सांगणे रास्त. द्राक्षांचे मात्र तसे नाही. हंगामात ती ‘थंड’ म्हणून सरसकट बंद केली जातात. वस्तुतः पक्व, मधुर द्राक्ष वातपित्तशामक व सारक आहे. आंबट, अर्धपक्व किंवा फ्रीजमधून काढलेली द्राक्षे निराळी. नवरात्रात भगर, साबुदाणा आणि चहा यांवर नऊ दिवस काढून सप्तशृंगगडाची वाट चालणाऱ्या रुग्णेस मात्र उपवासाविषयी स्पष्टच बोलावे लागते.

औषधानुसारही अपथ्य बदलते. रजःप्रवर्तनी वटीत कासीस, टंकण, हिंग व कुमारीसार आहे. कासीस म्हणजे लोहाचाच क्षार, आणि चहातील टॅनिन लोहाचे शोषण कमी करते; म्हणून गोळी व चहा यांत तास-दीड तासाचे अंतर हवे. ही वटी उष्ण-तीक्ष्ण असल्याने स्राव अधिक असणाऱ्या किंवा गर्भधारणेची शक्यता असणाऱ्या स्त्रीस देऊ नये. औषधविक्रेत्यांनी ‘पाळीची गोळी’ म्हणून ती विचारल्याशिवाय हाती ठेवू नये. रुग्णा आधीच मेफेनॅमिक ॲसिडची गोळी उपाशीपोटी घेत असेल आणि वर तिखट खात असेल, तर जळजळीचा दोष आपल्या औषधावर येतो. हिंग्वाष्टक चूर्ण मात्र तुपासह पहिल्या घासातच द्यावे.

चिनी वैद्यकाचाही येथे दाखला घेता येतो. चांग चुंगचिंग याने इसवी सन 200 च्या सुमारास रचलेल्या ‘शांगहान लुन’मध्ये दालचिनीच्या काढ्यावर गरम पेज घ्यावी, कच्चे-थंड, चिकट, मांस, मद्य, दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य करावेत असे आहे. तो काढा ज्वरचिकित्सेतील. पण पाळीच्या वेदना शीतजन्य असल्या की तेथील वैद्य आजही कच्चे-थंड अन्न बंद करतात, आणि उष्णताजन्य असल्या तर उलट तिखट व मद्य. व्याधी एकच, अपथ्य दोन.

सरसकट यादीचा खरा तोटा पुढे दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्ताल्पतेने ग्रस्त आढळल्या. अशा मुलीचे गूळ, हरभरा, पालेभाजी आपण महिनोन्‌महिने बंद करतो, आणि ती ते निमूटपणे पाळते. माझ्या मते अपथ्य चार-पाच पदार्थांपलीकडे जाऊ नये, त्याची मुदत लिहून द्यावी आणि प्रत्येक वर्ज्य पदार्थासमोर पर्याय लिहावा : मटकीऐवजी मुगाचे कढण, थंड पाण्याऐवजी सुंठीचे कोमट पाणी, दह्याऐवजी जिरे घातलेले ताजे ताक. स्राव सुरू होऊनही वेदना थांबत नसतील, दरवर्षी वाढत असतील किंवा पाळी नसतानाही राहत असतील, तर पथ्याची चर्चा बाजूस ठेवून प्रथम सोनोग्राफी करून घ्यावी.