कुंडाच्या काठावरचा इतिहास

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातल्या जुन्या चर्चमध्ये सगळ्यात जुनी वस्तू बऱ्याचदा वेदीपाशी नसते, दाराजवळ असते. ती म्हणजे बाप्तिस्म्याचं दगडी कुंड. बाप्तिस्म्याने माणूस मंडळीत प्रवेश करतो, म्हणून कुंडाची जागाही प्रवेशापाशी. चर्चच्या भिंती पाडून नव्या उभारल्या गेल्या, खिडक्या रुंदावल्या, मनोरे चढले. कुंड मात्र अनेक ठिकाणी तेच राहिलं. बाराव्या शतकातली अशी शेकडो कुंडं आजही शाबूत आहेत. कॅथीड्रलांची भव्यता दिपवते हे खरं, पण इंग्लिश खेडं समजून घ्यायचं तर या कुंडांपाशी थांबायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात ब्राइडकर्कपासून करावी. उत्तरेला कंब्रियात, कॉकरमथजवळ हे गाव आहे. तिथल्या चौकोनी कुंडाच्या एका बाजूला योहान येशूला यार्देन नदीत बाप्तिस्मा देतो आहे. दुसऱ्या बाजूला आदाम आणि हव्वा यांची एदेन बागेतून हकालपट्टी होते आहे. पण नजर खिळते ती वेलबुट्टीत दडलेल्या एका छोट्या माणसावर. त्याच्या हातात हातोडा आणि छिन्नी आहे. तो कामात गढला आहे. वरच्या पट्टीवर रूनिक लिपीत यमक जुळवून मजकूर कोरला आहे. त्यात कुंड स्वतःच बोलतं : आपल्याला रिकार्थने घडवलं, या रूपाला आणलं. नॉर्मनांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं त्यानंतरचा हा काळ. चर्चचा कारभार लॅटिनमध्ये, सरदारांचं बोलणं फ्रेंचमध्ये. रिकार्थने मात्र गावकऱ्यांची इंग्लिश निवडली. त्या काळातले बहुतेक पाथरवट निनावीच गेले. हा आपल्या नावानिशी आणि हत्यारांनिशी समोर उभा आहे.

हेरफर्डशरमधल्या अर्डिस्लीचं कुंड साधारण ११५० च्या सुमाराचं. तिथे दोन योद्धे एकमेकांवर तुटून पडले आहेत, एकाच्या हातात भाला, दुसऱ्याच्या हातात तलवार. त्यांच्या अंगरख्यांच्या चुण्या दोरीच्या पिळासारख्या कोरल्या आहेत. पलीकडे ख्रिस्त एका माणसाला मनगट धरून पाताळातून खेचून काढतो आहे. ही पकड जवळून पाहावी. त्यातली निकड दगडात उतरवणारा कारागीर असामान्यच म्हणायचा.

सगळीच कुंडं गावच्या दगडाची नव्हती. विंचेस्टर कॅथीड्रलचं काळं कुंड आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने इथून समुद्र ओलांडून आलं. त्यावर संत निकोलसच्या कथा आहेत. केंटमधल्या ब्रुकलंडला चक्क शिशाचं कुंड आहे आणि त्यावर बारा राशींखाली महिन्यामहिन्याची शेतीची कामं.

मात्र मला सर्वांत बोलका वाटतो तो कुंडाचा काठ. तेव्हा तान्ह्या बाळाला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देत, म्हणून कुंडं ऐसपैस आणि खोल. मंत्रून पवित्र केलेलं पाणी कित्येक दिवस त्यात राहायचं आणि जादूटोण्यासाठी चोरीला जायचं. कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांच्या काळात, १२३६ मध्ये, कुंडावर कुलूपबंद झाकण हवं असा नियम झाला. त्यासाठी काठात लोखंडी कड्या शिशाने बसवल्या. पुढे त्या उपटल्या गेल्या तेव्हा काठाचे टवके उडाले. समोरासमोर दोन खळगे किंवा नंतर बसवलेले दगडाचे तुकडे दिसले, की समजावं इथे कुलूप होतं. पाण्यावर लोकांची केवढी श्रद्धा होती आणि चर्चला त्या श्रद्धेचीच कशी धास्ती होती, हे त्या दोन खळग्यांत दिसतं.

झाकणांचं पुढे वैभव झालं. सफकमधल्या अफर्डचं लाकडी झाकण सुमारे १८ फूट उंच आहे. मूर्तिभंजक विल्यम डाउझिंग १६४४ मध्ये तिथे आला; झाकणाचं वैभव त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवलं आणि झाकण बचावलं. पूर्व इंग्लंडमधल्या अष्टकोनी कुंडांचं नशीब असं नव्हतं. सात बाजूंवर सात संस्कार कोरलेली अशी चाळीसेक कुंडं उरली आहेत. धर्मसुधारणेच्या आणि यादवीच्या काळात त्यांतल्या कित्येकांवरचे चेहरे छिन्नीने तासले गेले. वेस्टहॉलच्या कुंडावर मूळ रंगाचे अंश अजून आहेत, त्यावरून बाकीच्यांची कल्पना करायची.

१६४५ मध्ये पार्लमेंटने जुना प्रार्थनाविधी रद्द करून नवा लागू केला, तेव्हा दाराजवळची जुनी कुंडं बाद ठरली. काही शेतावर, काही बागेत गेली. ग्लॉस्टरशरमधल्या डिअरहर्स्टच्या कुंडाचा नॉर्मनपूर्व, चक्राकार नक्षीचा वरचा भाग एकोणिसाव्या शतकात एका शेतावरून परत मिळाला. खांबही वेगळाच सापडला आणि दोन्ही पुन्हा जोडले गेले.

डॉर्सेटमधल्या मेल्बरी बबला तर कुंडावरचे सगळे प्राणी उलटे आहेत, पाय वर आणि डोकी खाली. हा मुळात नॉर्मनपूर्व काळातल्या एका कोरीव खांबाचा तुकडा. कोणीतरी तो उलटा करून आतून पोखरला. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या माणसाला पाणी राहील असं भांडं हवं होतं आणि खांब वरच्या टोकाकडे निमुळता होता. रुंद बाजू वर घेतल्याशिवाय ते जमलंच नसतं.