एकटीनं नको, सगळ्याजणींनी

"सगळ्यांकडे फोन आहे, मलाच नाही!" लेकरानं असं म्हटलं की भली भली आई हरते. आमच्या महिला मंडळातही हीच तक्रार. आयर्लंडमधल्या ग्रेस्टोन्स या गावानं यावर तोडगा काढला. २०२३ मध्ये तिथल्या आठ प्राथमिक शाळांच्या पालकांनी मिळून ठरवलं, प्राथमिक शाळा संपेपर्यंत मुलांना स्मार्टफोन द्यायचा नाही. सक्ती नाही, दंड नाही. फक्त एकमेकांना दिलेला शब्द. मग "सगळ्यांकडे आहे" म्हणायला जागाच कुठे उरते?

परदेशातलंच कशाला? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये संध्याकाळी सातच्या भोंग्याला दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरवलंच ना! मैत्रिणींनो, पहिली ते चौथीच्या आयांनी एकदा एकत्र बसूया. निरोपापुरता घरातला साधा फोन पुरे.